किंकाळी, खरखर आणि व्हायोलिन: चित्रपटसंगीताची भीती विज्ञानाला कितपत कळली आहे?

‘सायको’मधल्या शॉवरच्या प्रसंगाचं संगीत आपल्याला का घाबरवतं, याचं उत्तर विज्ञानाला सापडलं आहे, अशा अर्थाचे मथळे दर दोन-तीन वर्षांनी फिरून येतात. उत्तर साधारण असं असतं: ती व्हायोलिनं माणसाच्या किंकाळीची नक्कल करतात, किंकाळीला दचकणं आपल्या मेंदूत आधीपासूनच आहे, म्हणून आपण घाबरतो. विषय संपला.

या ब्लॉगवर मी एरवी एखादा शोधनिबंध घेते आणि त्यात काय आहे ते सोप्या मराठीत सांगते. आज थोडं वेगळं करणार आहे. या विषयावरचे काही निबंध घेऊन ते मला आवडणाऱ्या संगीतासमोर उभे करणार आहे, आणि किती टिकतात ते बघणार आहे. कारण मला दोन्ही बाजूंचा राग येतो. ‘किंकाळीची नक्कल’ म्हणून हात झटकणारे संगीतकाराचं काम अर्ध्या मिनिटात गुंडाळतात. आणि ‘ही जादू आहे, तिला मोजपट्टी लावू नका’ म्हणणारे चाहते त्या संगीतकारांनी किती नेमका विचार केला होता हेच विसरतात.

आधी एका शब्दाबद्दल. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्याकडे गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो: निवेदक, दोन गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. इथे तो अर्थ नाही. इथे मी बोलते आहे ते पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त वादक एकत्र बसून चित्रपटासाठी वाजवतात त्या पार्श्वसंगीताबद्दल. त्यात गाणं नसतं, शब्द नसतात. बहुतेक वेळा प्रेक्षकाला ते वाजतंय हेही कळत नाही.

आधी पेटीवर एक प्रयोग

घरात पेटी असेल तर काळी एक आणि तिच्या शेजारची पांढरी दोन एकदम दाबा. मधल्या सप्तकात या दोन सुरांची वारंवारता साधारण २७७ आणि २९४ हर्ट्झ असते. फरक सुमारे १७ हर्ट्झ. म्हणजे दोन्ही लहरी सेकंदाला सुमारे १७ वेळा एकमेकींना जोर देतात आणि तितक्याच वेळा एकमेकींना दाबतात. शाळेत शिकलेले विस्पंद ते हेच. कानाला ते थरथरल्यासारखं लागतं. आता तेच दोन सूर वरच्या सप्तकात दाबा. फरक दुप्पट होतो, साधारण ३३. थरथर आता वेगवेगळ्या ठोक्यांसारखी ऐकू येत नाही, ती आवाजाची खरखर होऊन जाते.

या खरखरीला मोजता येतं. २०१५ साली लुक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी ‘करंट बायॉलॉजी’मध्ये दाखवलं की माणसाच्या किंकाळीत आवाजाची पातळी सेकंदाला सुमारे ३० ते १५० वेळा वरखाली होते. साध्या बोलण्यातला चढउतार याच्या कितीतरी खाली असतो, सेकंदाला चार-पाच. म्हणजे ध्वनीच्या नकाशात किंकाळीची एक राखीव जागा आहे, तिथे बोलणं जात नाही. धोक्याच्या भोंग्यांचे आवाज मात्र याच जागेत येतात. मेंदूच्या स्कॅनमध्ये या खरखरीला अमिग्डाला, म्हणजे भीतीशी संबंधित भाग, प्रतिसाद देतो असंही त्यांना दिसलं.

आता ‘सायको’ ऐका. १९६० चा चित्रपट, संगीत बर्नार्ड हरमन. शॉवरच्या प्रसंगात सगळ्यात उंच व्हायोलिनं एक सूर धरून सपासप ठोके मारतात. मग एकेक थर खालून येतो. प्रत्येक नवा थर आधीच्या सुराला जवळजवळ जुळणारा, पण नेमका अर्ध्या सुराने चुकणारा, आणि बऱ्याचदा वेगळ्या सप्तकातला. वेगळं सप्तक असेल तर विस्पंद कसे होतील, असं वाटेल. पण व्हायोलिनच्या सुरात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट वारंवारताही असतात. वरचा सूर २४९० हर्ट्झ धरा आणि खालचा १३२०. खालच्याची दुप्पट २६४०. फरक १५०. आर्नाल यांच्या पट्ट्याच्या बरोबर वरच्या काठावर.

व्हायोलिनचा स्वतःचा स्वभावही इथे मदतीला येतो. गज तारेला चिकटतो, तिला ओढतो, ती निसटते, पुन्हा चिकटते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. गजाखालच्या तारेच्या या हालचालीवर सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात काम केलं होतं, आणि त्यांचा १९१८ चा प्रबंध आजही या विषयात मूलभूत मानतात. गजाचा दाब मर्यादेबाहेर गेला की चिकटणं-निसटणं अनियमित होतं आणि सुराऐवजी खरवडल्यासारखा आवाज येतो. गळ्याचंही तसंच आहे. स्वरतंतूंमधून गरजेपेक्षा जास्त हवा ढकलली की त्यांचं कंपन नियमित राहत नाही. आवाज फाटतो तो असा. घाबरलेला गळा आणि दाबलेला गज हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकाच घरातले आहेत.

तेव्हा किंकाळीचा सिद्धांत थापा मारत नाही. २०२० मध्ये केटलिन ट्रेव्हर, आर्नाल आणि साशा फ्रूहोल्झ यांनी हे थेट तपासलं. किंकाळ्या, किंकाळी नसलेले मानवी आवाज, किंकाळीसारखं वाटणारं चित्रपटसंगीत आणि तसं न वाटणारं संगीत असे चार गट घेऊन त्यांनी खरखर मोजली. किंकाळीसारख्या संगीतात ती खरंच सापडली.

इथवर मी मथळेवाल्यांच्या बाजूने आहे.

मार्मट आणि १०० चित्रपट

या सगळ्याची सुरुवात जरा गंमतशीर आहे. डॅनियल ब्लूमस्टाइन हे कॅलिफोर्निया विद्यापीठातले (लॉस एंजेलिस) प्राणिवर्तनाचे अभ्यासक. ते मार्मटवर काम करतात. मार्मट म्हणजे खारीच्या कुळातला, चांगला गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी. पकडलेलं पिल्लू किंचाळतं तेव्हा त्याच्या आवाजात अशीच अनियमितता येते. माणसाने ती चित्रपटात मुद्दाम वापरली असेल का, असा प्रश्न घेऊन ब्लूमस्टाइन यांनी १०० च्या आसपास गाजलेले चित्रपट तपासले: साहसपट, नाट्यमय चित्रपट, भयपट आणि युद्धपट. निबंध २०१० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये आला.

निष्कर्ष वाचताना थांबायला हवं, कारण बातम्यांमध्ये त्यातला अर्धाच भाग आला. भयपटांमध्ये खरखरीत किंकाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त होत्या, हे खरं. पण सुराने एकदम वर किंवा खाली उडी मारणं, हीसुद्धा घाबरलेल्या प्राण्याच्या आवाजाची खूण, भयपटांमध्ये उलट कमी होती. ती जास्त होती नाट्यमय चित्रपटांमध्ये. साहसपटांमध्ये पुरुषांच्या किंकाळ्या जास्त. म्हणजे ‘प्राण्याची भीती म्हणजे भयपटाचं संगीत’ असं सरळ समीकरण त्यांच्या स्वतःच्या आकड्यांतही नाही. निर्माते या आवाजांचा वापर करतात, पण कुठे कोणता, हे चित्रपटाच्या जातकुळीवर ठरतं.

त्यांचाच २०१२ चा निबंध मला त्याहून महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे मथळे मी फारसे पाहिलेले नाहीत. या वेळी त्यांनी साधं, भावनेच्या दृष्टीने तटस्थ संगीत घेतलं आणि त्याच्या काही आवृत्त्यांमध्ये खरखर किंवा सुराची अचानक उडी घातली. नुसतं संगीत ऐकवलं तेव्हा ऐकणाऱ्यांची उत्तेजनाही बदलली आणि आवाज किती सुखद-दुःखद वाटतो तेही बदललं. मग तेच संगीत अगदी साध्यासुध्या, निरुपद्रवी व्हिडिओंवर लावलं. आता काय झालं? खरखरीमुळे संगीत नकोसं वाटणं टिकलं, पण उत्तेजनेवरचा परिणाम नाहीसा झाला. डोळ्यांसमोर चित्र आलं आणि कानाची घंटा मंदावली.

चित्रपटाच्या अभ्यासासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे! चित्रपट म्हणजे चित्रासकट ऐकलेलं संगीत. तेव्हा किंकाळीचा सिद्धांत जिथे सर्वांत चांगला चालतो ती जागा म्हणजे हेडफोन लावून बसलेला श्रोता. थिएटर नव्हे.

‘जॉज’ची अडचण

आता दुसरा साक्षीदार. १९७५, ‘जॉज’, संगीत जॉन विल्यम्स. शार्कचं संगीत म्हणजे खालच्या तारवाद्यांवर दोन सूर, शेजारशेजारचे. आपल्या भाषेत सा आणि कोमल रे. ऐकणाऱ्याला ते पियानोवर वाजवून दाखवलं तेव्हा स्पीलबर्गला आधी थट्टाच वाटली होती.

इथे किंकाळी शोधून दाखवा. सूर खर्जातले, चाळीस-पंचेचाळीस हर्ट्झच्या आसपास. दोन्ही एकदम नाही, एकामागून एक वाजतात, म्हणून विस्पंद नाहीत. उडी नाही. आणि फक्त अर्ध्या सुराच्या अंतराने भीती वाटत असती तर पहाटे भैरव ऐकणाऱ्या प्रत्येक माणसाने अंथरुणात डोकं खुपसलं असतं. तिथे तोच कोमल रे गंभीर वाटतो, शांत वाटतो.

विज्ञान इथे हरत नाही, पण त्याला दुसरं दार वाजवावं लागतं. १९९८ मध्ये जॉन न्यूहॉफ यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की वाढत जाणारा आवाज आपल्याला खऱ्यापेक्षा जास्त बदलल्यासारखा वाटतो, कमी होत जाणारा तितका नाही. जवळ येणाऱ्या गोष्टीबद्दल कान जरा जास्तच सावध असतात. पुढे रीसस माकडांमध्येही तसंच दिसलं. शार्कचं संगीत दुरून, हळू सुरू होतं, थांबतं, पुन्हा येतं, वेग घेतं, मोठं होतं. ते एक येणं आहे.

तरी यानेही ‘जॉज’ पुरता उलगडत नाही. ‘जॉज’मधली खरी करामत संगीत कुठे वाजत नाही यात आहे. समुद्रकिनाऱ्यावर गर्दी आहे, पाण्यात कल्ला दिसतो, लोक सैरावैरा धावतात. संगीत नाही. शेवटी कळतं की दोन पोरं खोटा कल्ला लावून चेष्टा करत होती. तोपर्यंत विल्यम्स आणि स्पीलबर्ग यांनी आपल्याला एक नियम शिकवलेला असतो: हे सूर वाजले की शार्क आहे, नाही वाजले तर नाही. संगीत खोटं बोलत नाही. आणि मग बोटीवर पोलीसप्रमुख ब्रोडी कुरकुरत पाण्यात आमिष फेकत असतो तेव्हा शार्क डोकं वर काढतो, संगीताशिवाय. थिएटर खुर्चीतून उडतं. आपण आवाजाला घाबरलेलो नसतो. ज्या आवाजावर विसंबलो होतो तो आलाच नाही, म्हणून घाबरलेलो असतो.

या क्षणी ध्वनिमापकाची नोंद काय असेल? खरखर शून्य.

मोजपट्टी आखूड आहे

माझा मुद्दा असा आहे. या निबंधांची चूक मोजण्यात नाही. मोजपट्टी काही सेकंदांची आहे आणि चित्रपटसंगीत दोन तासांचं असतं. प्रयोगशाळेत श्रोत्याला छोटे तुकडे ऐकवले जातात, आणि त्याला कारण आहे: तुकडा लहान असला तरच बाकीच्या गोष्टी स्थिर ठेवता येतात. त्यामुळे मिळालेलं उत्तर तुकड्याबद्दलचं खरं उत्तर असतं. पण मथळ्यात ते संपूर्ण संगीताचं उत्तर होऊन बसतं.

‘सायको’कडेच परत बघू. हरमनने फक्त तारवाद्यं घेतली. कृष्णधवल चित्रपटाला एकाच रंगाचं संगीत, असा त्याचा विचार होता. या तारवाद्यांच्या घोडीवर जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर म्यूट बसवलेलं आहे. म्यूट म्हणजे घोडीचं कंपन दाबणारा छोटा चिमटा. त्याने वरचे हार्मोनिक कमी होतात आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. शॉवरच्या प्रसंगात तो काढलेला आहे. म्हणजे पाऊण तास आपण बंद खोलीतला आवाज ऐकत असतो, आणि मग एकदम दार उघडतं. तुकडा कापून ऐकवला तर खरखर तेवढीच राहते, पण ते दार गायब होतं.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीत एक स्वरसंघात पुन्हा पुन्हा आदळतो. अभ्यासकांनी त्याला ‘हिचकॉक कॉर्ड’ असं नावच दिलं आहे. आपल्या भाषेत लिहायचं तर सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी, सगळे एकदम. पटदीप ऐकणाऱ्यांना हे सूर ओळखीचे वाटतील. पटदीपमध्ये तो शुद्ध नी हुरहुर लावतो आणि सा वर येऊन विसावतो. हरमनच्या संघातात सा आणि नी दोघेही एकाच वेळी धरलेले असतात, म्हणून नीला जायला जागाच उरत नाही. खरखर इथेही थोडी आहे, पण काम करतं ते हे अडकलेपण. मॅरियन पैसे चोरून गाडी चालवत असते तेव्हा हेच संगीत वाजतं. आवाज बंद करून तो प्रसंग बघा: एक बाई, स्टिअरिंग, पाऊस. बाकी काही नाही.

आणि ती उंच व्हायोलिनं म्हणजे किंकाळीच आहे, हे तरी कोणी ठरवलं? ती सुरीचे वार असू शकतात, ठोके वारांसारखेच पडतात. ती पक्ष्यांचा चित्कारही असू शकतात. नॉर्मन बेट्सच्या खोलीत पेंढा भरलेले पक्षी आहेत, आणि मॅरियनचं आडनाव क्रेन, म्हणजे क्रौंच. तिन्ही वाचनांत खरखर तेवढीच निघेल. मोजमाप त्यातलं एक निवडू शकत नाही. खरं तर निवडायची गरजही नाही. तिन्ही एकाच वेळी लागू पडतात म्हणून तर तो तुकडा साठ वर्षं जुना होत नाही.

हिचकॉकला या प्रसंगात संगीत नकोच होतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. हरमनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. एका अर्थाने विज्ञानाला हवा असतो तो तुलनेचा प्रयोग संपादनाच्या टेबलावर आधीच होऊन गेला होता.

तीच खरखर, पण भीती नाही

शेवटचा साक्षीदार मी मुद्दाम राखून ठेवला आहे. १९७७ चा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. पुन्हा स्पीलबर्ग, पुन्हा विल्यम्स. चित्रपट काळ्या पडद्यावर सुरू होतो. वाद्यवृंद आणि गायकवृंद एकमेकांना खेटलेल्या सुरांचा ढग बांधत नेतात आणि मग एका झटक्यात पडदा उजळतो. हे सूर ‘सायको’इतकेच एकमेकांशी भांडणारे आहेत. पहिल्या भागात ते भीतीदायकच वाटतात, लहान मुलाला घरातून ओढून नेतात त्या प्रसंगात तर फारच.

पण विल्यम्स त्या ढगात हळूहळू पाच सूर पेरतो: रे, ग, सा, मंद्र सा, मंद्र प. हे सूर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कोण गातं? भारतातला एक जमाव. आकाशाकडे बोट दाखवत. हा भाग मुंबईबाहेर, खालापूरजवळच्या हाळ गावी चित्रित झाला होता. पुढे शास्त्रज्ञ तेच सूर यंत्रावर वाजवतात, प्रचंड यान उत्तर देतं, आणि शेवटी सुरुवातीच्या त्या ढगाचा अर्थच बदलतो. जी अनोळखी गोष्ट भिववत होती तिच्याशी बोलता येतं असं कळतं. कानावर पडणारी घनता तशीच, पण आपण आता तिच्याकडे वर बघतो, पळत नाही.

२०१२ च्या निबंधात चित्र आल्यावर उत्तेजना दबली, पण खरखरीचा कडवटपणा टिकला होता. ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये तो कडवटपणाही विरघळतो. दहा सेकंदांत हे शक्य नाही. दोन तासांत, शिकवून, आठवण ठेवायला लावून, शक्य आहे. मला तरी चित्रपटसंगीतकाराचं खरं कौशल्य हेच वाटतं: आपल्या जन्मजात दचकण्याला तो कच्चा माल म्हणून वापरतो, पण तिथे थांबत नाही. तो आपल्याला त्याची भाषा शिकवतो आणि परीक्षा त्याच चित्रपटात घेतो.

तेव्हा संशोधन चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. आर्नाल, ब्लूमस्टाइन, ट्रेव्हर यांनी जे मोजलं ते मला हवंच आहे. त्यांच्यामुळे मला शॉवरच्या प्रसंगातल्या थरांमध्ये नेमकं काय ऐकायचं ते कळलं. पण पुढचा प्रयोग मला लांब हवा आहे. एका गटाला ‘जॉज’ पूर्ण दाखवा, दुसऱ्या गटाला खोट्या कल्ल्याच्या प्रसंगात शार्कचे सूर घालून दाखवा. दुसऱ्या गटाचा नियम मोडलेला असेल. मग बोटीच्या प्रसंगात दोन्ही गटांचे हृदयाचे ठोके मोजा. माझा अंदाज: दुसरा गट कमी दचकेल, कारण त्यांच्यासाठी शांततेला अर्थच उरलेला नसेल. अंदाज चुकला तर त्यातूनही काही शिकायला मिळेल.

तोवर तुम्ही घरी अर्धा प्रयोग करू शकता. तिन्हींपैकी कोणताही चित्रपट लावा, आणि संगीत सुरू कधी होतं हे टिपण्याऐवजी ते थांबतं कधी, हे वहीत वेळेसकट लिहा. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की मागे वळून बघा. संगीतकार तुम्हाला कोणता नियम शिकवत होता, ते त्या यादीत सापडेल.